तेविसाव्या घराची जागा

रायस्तिने गावाचा भूगोल आणि इतिहास दोन पानांत लिहून द्यावा, असं पत्र मला मार्च महिन्यात आलं. पाठवणारे दोनातास शिलिंगास, राहणार काउनास, व्यवसायाने दातांचे डॉक्टर. गाव उठलं तेव्हा ते चार वर्षांचे होते, त्यामुळे गावाची आठवण त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त येते. मी आमच्या वसाहतीच्या वाचनालयात बत्तीस वर्षं काढली आहेत. एवढ्या काळात पुस्तकाबद्दल मला फारसं कुणी विचारलं नाही. पण मयताची बातमी लिहायची असो की हरवलेल्या गाईची नोटीस, लोक माझ्याकडेच येतात. तेव्हा इतिहासही माझ्याच गळ्यात पडला.

इतिहास तसा सोपा होता. मुर्मे नदीकाठी तेवीस घरं, तीन बाजूंना दलदल आणि चौथ्या बाजूला रस्ता, तोही उन्हाळ्यापुरता. झारच्या कारकुनांनी गावातली माणसं मोजली ती शेजारच्या गावात बसून, कारण पुढे यायला त्यांचे बूट राजी नव्हते. नेपोलियनची फौज आमच्याकडच्या प्रत्येक गावातून गेलेली आहे आणि प्रत्येक गावात तिने सोन्याची पेटी पुरलेली आहे. रायस्तिनेत म्हणे तिची तोफ रुतली. तोफ पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. जर्मन दोनदा आले, रशियन त्याहून जास्त वेळा. एकोणपन्नास साली दोन घरांतली माणसं सैबेरियाला नेली, त्यातली निम्मीच परत आली. एवढ्या सगळ्यातून गाव टिकलं. ते पाडलं त्र्याहत्तर साली गावच्याच एका पोराने, सरकारी बुलडोझर चालवून, आणि त्याबद्दल त्याला मानपत्र मिळालं.

तो पोरगा म्हणजे क्लेओपास गायदेलिस. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी ते मला पोरी म्हणतात. गावाचा भूगोल विचारायला दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून मी वही घेऊन वर गेले. काका बटाटे सोलत बसले होते.

"काका, नदी कुठून वाहायची ते सांगा."

"कुठूनही. तिला कामधंदा काय होता? शिलिंगासांच्या मागे जायची, तिथून परत फिरायची, जरा पुढे जाऊन पुन्हा मागे. तीन किलोमीटरच्या वाटेला आठ किलोमीटर लावायची बया."

"आणि मग?"

"मग मी तिला सरळ केली. पेपरात आलं होतं."

दलदलीचं पाणी काढून शेतं करायची, नदीचा कालवा करायचा, विखुरलेली घरं पाडून माणसं वसाहतीत आणायची, अशी ती योजना होती. आमच्या सगळ्या जिल्ह्यात हेच चाललं होतं. कालव्याच्या रेषेवर शंभर-शंभर मीटरवर खुंट्या ठोकलेल्या असत, आणि काकांच्या डोक्यात रायस्तिने अजून त्या खुंट्यांवर टांगलेलं आहे. शिलिंगासांचं घर विचारलं की ते सांगणार, "चौदावी खुंटी, डावीकडे चाळीस पावलं. विहीर पंधरावीला." कोण कुणाचा जावई, कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, कुठल्या बेरीच्या झुडपावरून दोन भाऊ नऊ वर्षं बोलले नाहीत, सगळं खुंटीच्या नंबरासकट. खुंट्या कुजून गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली, पण शेतातलं पाणी कालव्यात सोडणाऱ्या भाजक्या मातीच्या नळांची तोंडं जागच्या जागी आहेत, आणि काकांची पावलंही अजून पाऊण मीटरचीच पडतात. ज्या माणसाने गाव पुसलं त्याच्याकडेच गावाचा नकाशा उरला, हे मी माझ्या दोन पानांत लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते वाक्य काढून तिथे "अश्रूंनी भिजलेली माती" असं घातलं.

मे महिन्यात डॉक्टरांच्या समितीची बैठक माझ्या वाचनालयात झाली. काउनास, विल्नियस, क्लायपेदा अशा ठिकाणांहून अकरा जण आले होते आणि सगळ्यांनी पांढरे सदरे घातले होते. बेत चांगला होता. गावाच्या जागी आता एका मोठ्या शेतकऱ्याचं गव्हाचं शेत आहे. ऑगस्टात गहू कापला की प्रत्येक घराच्या जागी ओकचा एक खांब रोवायचा, त्यावर त्या घराचं आडनाव कोरायचं, आणि शेवटच्या शनिवारी गावची सगळी मुलं-नातवंडं जमवायची. शेतमालकाने परवानगीही दिली होती. अडचण एकच होती. कुठलं घर कुठे होतं, हे अकरापैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

"क्लेओपासकाका दाखवतील," मी म्हटलं.

काका मागच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते उभे राहिले. म्हणाले, "दाखवतो की. माझं एवढंच म्हणणं, आमचाही एक खांब करा."

मग डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "काका, राग मानू नका. हे खांब ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी आहेत. ज्यांनी ती नेली त्यांच्यासाठी नाहीत. लोक काय म्हणतील?"

"बरं," काका म्हणाले आणि खाली बसले.

हात वर करून मत घेतलं गेलं. बावीस खांब ठरले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मत द्यायचा हक्क मला नव्हता. माझी आई सामुदायिक शेतीच्या खानावळीत स्वयंपाकीण, आम्ही रायस्तिनेचे नव्हतोच. मंडळी गेल्यावर मी खुर्च्या आपटत जागेवर लावल्या आणि काकांना म्हटलं, "आता शोधू देत त्यांची घरं त्यांनाच! तुम्ही एक पाऊल टाकायचं नाही त्या शेतात."

"अगं पोरी, घरांनी माझं काय घोडं मारलंय?" काका म्हणाले. "दाखवतो."

"मग तुम्हाला खांब कशाला हवा होता?"

ते टोपी घालून निघाले. आठवडाभराने मी त्यांच्याकडे रवाळ चीज घेऊन गेले, तेव्हा न विचारताच उत्तर दिलं.

त्र्याहत्तर साली काका पंचवीस वर्षांचे होते. एप्रिलपासून एकेक घर रिकामं होत गेलं आणि एकेक घर त्यांनी पाडलं. सप्टेंबरात एकच घर उरलं, त्यांचं स्वतःचं. त्यांची आई उर्शुले त्यात एकटी राहत होती आणि निघायला तयार नव्हती. साहेब म्हणाला, तुझी आई आहे, तूच बघ. काकांनी तीन दिवस घराभोवती काम केलं. पहिल्या दिवशी बाग काढली, दुसऱ्या दिवशी विहीर बुजवली, तिसऱ्या दिवशी गोठा पाडला. आई आत मातीच्या चुलाण्याला पाठ लावून बसलेली, खिडकीतून दिसत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती दारात आली आणि तिने मोठ्याने हाक मारली. इंजिन बंद केलं तेव्हा कुठे काकांना ऐकू आलं.

"जेवण वाढलंय," ती म्हणाली. "आधी जेव, मग पाड."

बिटाचं सार होतं आणि वर उकडलेले बटाटे. काका जेवले. ती समोर बसून राहिली. ताट उचलून तिने धुतलं, टोपलीत ठेवलं, टोपली घेऊन बाहेर आली आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही.

"तिला मागची खोली मिळाली, डुकरांच्या शेडकडची," काका म्हणाले. "पुढच्या बाजूच्या तोवर भरल्या होत्या. अकरा वर्षं होती. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं गं. तिच्या नावाचा खांब हवा होता मला. माझ्या नाही."

"हे तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं?"

"आईचं काय सांगायचं बैठकीत," ते म्हणाले आणि चीजचा तुकडा कापू लागले. मला फार वाईट वाटलं. मी घरी येऊन डॉक्टरांना चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की समितीचा निर्णय झालेला आहे आणि इतिहासाची दोन पानं कृपया पंधरा जुलैपर्यंत पाठवावीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गहू निघाला आणि काकांनी चार दिवसांत बावीस जागा दाखवल्या. मी वही घेऊन मागे चालले. कालव्याच्या काठाने पावलं मोजत जायचं, नळाच्या तोंडाशी वळायचं, आत शेतात शिरायचं आणि थांबायचं. थांबले की बुटाच्या टाचेने माती उकरायचे. दर वेळी विटेचा तुकडा निघाला, कधी चुलाण्याच्या फरशीचा, एकदा चिनीमातीच्या कपाचा कान. कामगार तिथे खांब रोवायचे. एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा उकरावं लागलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी काकांनी टोपी काढून घाम पुसला आणि शेताच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाहिलं. बावीस खांब, सगळे ताजे, पिवळे.

"छान दिसतंय गाव," ते म्हणाले. यात टोमणा कुठेच नव्हता.

शेवटच्या शनिवारी दोनशेच्या वर माणसं आली. शेतात तंबू, अॅकॉर्डियन, वाटाण्याची उसळ, काळा पाव आणि थंड बियर. पाद्रीबाबांनी खांबांवर पवित्र पाणी शिंपडलं. प्रत्येक कुटुंबाने आपल्या खांबाशी फोटो काढले आणि रुमालात मूठभर माती बांधून घेतली. आपलं घर नदीच्या इतकं जवळ नव्हतं, टेकाडावर होतं, असं तीन कुटुंबांनी मला ठासून सांगितलं. रायस्तिनेत टेकाड नाही. मी होय म्हटलं.

काका तंबूच्या मागे बाकावर बसले होते. लोक येऊन जागा विचारून जात, आभार मात्र कुणी मानत नव्हतं. बियर तेवढी दिली त्यांना कुणीतरी.

मग डॉक्टर भाषणाला उभे राहिले. माझी दोन पानं त्यांच्या हातात होती, पण त्यातलं माझं काय उरलंय हे मला ओळखू येईना. गाव कसं जबरदस्तीने उठवलं, बायका कशा उंबऱ्याला मिठी मारून रडल्या, वगैरे. लोक डोळे पुसत होते. डॉक्टरांचाही आवाज भरून आला. "माझे वडील," ते म्हणाले, "त्या दिवशी घराच्या दारात उभे राहिले. त्यांनी बुलडोझर अडवला!"

"अडवला?" पहिल्या रांगेतून आवाज आला. "अरे, बोलावला!"

ही अगोता, डॉक्टरांची आई. वय एकोणनव्वद, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल. कान गेलेत म्हणून ती सगळं ओरडूनच बोलते.

"आई, आत्ता नको," डॉक्टर हळूच म्हणाले.

"काय नको? तुझ्या बापाने डुकराची अख्खी धुरी दिलेली मांडी पाठवली होती या क्लेओपासला. मीच घेऊन गेले होते सायकलवरून! आमचं घर आधी पाड म्हणून. जो आधी जाईल त्याला पुढची खोली, न्हाणीघरासकट. कुठाय तो? क्लेओपास! खाल्लीस ना रे ती मांडी?"

काका बाकावरून उठले. "खाल्ली, अगोतामावशी. मीठ जरा जास्त होतं."

"तुझ्या तोंडाला चव नाही!" अगोता ओरडली. मग तिने खुर्चीतच वळून मंडळींकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय बघताय? तुमच्या आजोबांनी मध दिला होता. तुमच्या घरून दोन बदकं. त्या घरून दारू. पाठ्यपुस्तकातल्यासारखं रडतोय माझा मुलगा. रडलो ना, आम्हीही रडलो! रडत रडतच ती मांडी कपड्यात बांधली मी. पण नळाचं गरम पाणी हवं होतं मला, पंचवीस-तीस वर्षं विहिरीचं पाणी ओढून माझे खांदे गेले होते. एकटी उर्शुले नाही गेली कुणाकडे काही घेऊन. ती बसून राहिली घरात. तिचा खांब कुठाय? सकाळपासून शोधतेय मी, मला दिसत नाही की तुम्ही केलाच नाही?"

अॅकॉर्डियनवाल्याने काय करावं न सुचून एक सूर लावला आणि बंद केला. लोक बुटांकडे बघू लागले, आणि त्यानंतर उसळीच्या पातेल्याकडे. डॉक्टर कागद घडी करून खिशात घालत राहिले. ती घडी त्यांना काही केल्या जमेना. शेवटी ते तंबूच्या मागे गेले आणि काकांसमोर उभे राहिले.

"तुम्ही का नाही सांगितलंत, काका? बैठकीत?"

"तुझा बाप चांगला माणूस होता," काका म्हणाले. "मुलाच्या तोंडावर काय सांगायचं."

डॉक्टरांनी उर्शुलेच्या खांबाचा शब्द दिला आणि ते शब्दाला जागले, हे मी त्यांच्याबद्दल मनापासून लिहिते. सप्टेंबरच्या शेवटी तेविसावा खांब घेऊन ते स्वतः आले, पायांत नवे कोरे रबरी बूट घालून. बाकी खांबांवर आडनावं आहेत. याच्यावर काकांनी सांगितल्याप्रमाणे एकच नाव होतं, उर्शुले. अक्षरं इतरांपेक्षा खोल कोरलेली होती. काका बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेत नांगरून झालं होतं. आम्ही तिघं निघालो, काका पुढे कुदळ घेऊन. कालवा सोडून ते बरेच आत गेले, थांबले, उकरलं. काळी माती. दहा पावलं उजवीकडे जाऊन उकरलं. मग मागे आले. डॉक्टर आणि मी खांब दोन्ही टोकांना धरून त्यांच्या मागून फिरत होतो. तासभर झाला. काका आता पावलं मोजत नव्हते, नुसते चालत होते.

"काका, कितवी खुंटी?" मी विचारलं.

"इकडे खुंटी नव्हती. आमचं घर नदीच्या वळणात आत होतं. अंगणातल्या लिंडेनच्या झाडापासून मोजायचं."

नदी काकांनी सरळ केली होती आणि झाड काढलं होतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी खिशातून जुना लष्करी नकाशा काढला. त्यावर घरं माशी बसल्यासारखी काळ्या ठिपक्यांनी दाखवली होती. "हा बघा तुमचा ठिपका. अंदाजे इथेच कुठेतरी. लावू या का अंदाजे?"

"त्या ठिपक्यात अंगण आहे, गोठा आहे आणि कोंबड्यांचं खुराडंही आहे," काका म्हणाले. "खुराड्यावर लावू तिला?"

डॉक्टरांनी नकाशा खिशात घातला.

"पण काका, विटा असतीलच ना," मी म्हटलं. "बाकी सगळीकडे निघाल्या. कालच नांगरलंय. एखादी तरी वर आली असेल."

काका सरीच्या कडेला खाली बसले. कुदळ गुडघ्यांवर आडवी धरली.

"बाकीच्यांची कामं मी घाईत केली," ते म्हणाले. "खड्डा काढला, घर आत लोटलं, वर हातभर माती. म्हणून दर वर्षी विटा वर येतात. आईचं तसं नाही केलं. तिच्या खोलीच्या खिडकीतून हे शेत दिसायचं. तिला इथे काही पडलेलं दिसू नये, म्हणून वीट न् वीट वेचली, ट्रॉल्या भरून बाहेर नेली. झाडाची मुळं काढली. तीनदा सपाट केलं. वर चांगली माती आणून टाकली. इतकं नीट काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही, पोरी."

डॉक्टरांनी आणि मी खांब खाली ठेवला. मी काकांच्या शेजारी ओल्या मातीत बसले. स्कर्ट खराब झाला तो झाला.

खांब आम्ही परत गाडीत घातला. तो सध्या आमच्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभा आहे. दर रविवारी काका कुदळ घेऊन शेतात जातात. पेरणीची नासाडी होते म्हणून शेतमालक माझ्याकडे कुरकुरतो, पण त्यांना अडवत नाही.